सभामंडपातलं भजन, हातात मावणारा रेकॉर्डर आणि पंधरा हजारांतले माइक

प्रसंग असा. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात अखंड हरिनाम सप्ताह आहे आणि रात्रीच्या जागराला गावचं भजनी मंडळ बसणार आहे. मंडळी अकरा: पेटीवर स्वतः मुख्य गायक, एक पखवाज, साथीला गाणारे एक, आणि आठ टाळकरी. सलग दोन तासांचं भजन नीट ध्वनिमुद्रित करायचं आहे. टॅस्कॅम डीआर-४०एक्स हा रेकॉर्डर मंडळाकडे आधीपासून आहे. माइक, स्टँड, केबल, बॅटऱ्या आणि कार्ड या सगळ्याला मिळून पंधरा हजार रुपये आहेत. लॅपटॉप न्यायचा नाही, कारण मंदिरातली वीज जाते-येते आणि मंडपात टेबल मांडायलाही जागा नाही.

आधीच्या वर्षीचं मुद्रण मोबाइलवर झालं होतं. ते ऐकलं की काय टाळायचं ते लगेच कळतं. टाळांचा प्रत्येक ठोका पडला की गाणाऱ्याचा आवाज दबतो, ठोका विरला की परत वर येतो. फोन स्वतःच पातळी खालीवर करत राहतो, म्हणून हा श्वास घेतल्यासारखा परिणाम येतो. नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने तो निघत नाही. पखवाजाची डावी बाजू तर ऐकूच येत नाही.

आधी जागा मोजली, मग माइक पाहिले

सभामंडप ११ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच. वर सिमेंटचा स्लॅब, खाली फरशी, भिंतींना तैलरंग. आवाज शोषून घेईल असं सतरंजी आणि माणसं सोडून काहीही नाही. रिकाम्या मंडपात एक टाळी वाजवली तर घुमारा विरायला साधारण २ सेकंद लागतात.

या दोन आकड्यांवरून सगळ्यात उपयोगी अंतर काढता येतं. मंडपाचं घनफळ ३०८ घनमीटर. त्याला घुमाऱ्याच्या २ सेकंदांनी भागायचं, वर्गमूळ काढायचं आणि ०.०५७ ने गुणायचं. उत्तर येतं सुमारे ७० सेंटिमीटर. चारी बाजूंनी ऐकणारा माइक गायकापासून याहून लांब गेला की त्याला थेट आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाज जास्त मिळू लागतो. पुढून ऐकणाऱ्या आणि पाठीमागून बहिऱ्या असणाऱ्या माइकला, म्हणजे कार्डिऑइडला, हेच अंतर १.७ पट मिळतं, म्हणजे १.२ मीटर. मंडप माणसांनी भरला आणि घुमारा दीड सेकंदावर आला तर ते १.४ मीटरपर्यंत जातं.

अकरा माणसांचा ताफा एका जोडीत पकडायचा असेल तर माइक मीटर-सव्वा मीटर तरी दूर हवाच. नाहीतर पुढचा एकटा गायकच मोठा येतो. म्हणजे चारी बाजूंनी ऐकणारे माइक या मंडपात बाद. त्यांचे खर्ज स्वर भरदार येतात, ते स्वस्तही मिळतात आणि उघड्या माळावर किंवा घरातल्या गाद्या-पडद्यांच्या खोलीत ते उत्तम चालतात. इथे मात्र ते गायकाऐवजी स्लॅबच मुद्रित करतील.

दुसरी मोजणी आवाजाच्या पातळीची. अभंगाच्या सुरुवातीचा आलाप हळू असतो आणि शेवटचा 'ज्ञानोबा-तुकाराम' गजर कान भरून टाकणारा. गजरात माइकच्या जागी सरासरी पातळी १०० डेसिबलच्या आसपास धरली तरी टाळांचे टोकदार ठोके त्याच्या १५ ते २० डेसिबल वर जातात. मोबाइलवरच्या पातळी दाखवणाऱ्या अॅपवर इथे विसंबू नये. फोनचा माइक मोठ्या आवाजात आधीच गुदमरतो आणि आकडा कमी दाखवतो. तेव्हा ११५ ते १२० डेसिबल सहज झेलणारा माइक पाहिजे, आणि हिशेबाला वरती आणखी १० डेसिबलची मोकळीक हवी.

तिसरी गोष्ट बहुतेक जण उलटी मोजतात. माइकची स्वतःची खरखर किती, हा आकडा जाहिरातीत ठळक छापलेला असतो. १९ डेसिबलचा माइक ७ डेसिबलच्या माइकपेक्षा 'खराब' वाटतो आणि माणूस दुप्पट पैसे मोजतो. पण रात्रीच्या मंदिरात रातकिडे, पंखे, मागच्या रांगेतली कुजबुज मिळून शांततासुद्धा ३५ डेसिबलच्या वर असते. १९ डेसिबलची खरखर तिच्याखाली बुडून जाते. एकट्या तंबोऱ्याचं किंवा सतारीचं मुद्रण शांत खोलीत करायचं असतं तर हा आकडा पहिला पाहावा लागला असता. इथे तो सोडून देता येतो, आणि पैसे वाचतात ते इथेच.

काय काय पाहिलं आणि का नाकारलं

गायनाचा डायनॅमिक माइक (चुंबक आणि वेटोळ्यावर चालणारा, बाहेरची वीज न लागणारा) मंडळाकडे होताच. शुअर एसएम५८ किंवा एसएम५७ हे माइक दणकट, आवाज कितीही मोठा असो, फाटत नाहीत. पण ते तोंडाजवळ किंवा वाद्याजवळ धरण्यासाठी बनवलेले आहेत. एसएम५७ ची संवेदनशीलता पास्कलला (आवाजाच्या दाबाच्या एककाला) १.६ मिलिव्होल्टच्या आसपास. साध्या लहान पडद्याच्या कंडेन्सरची (बाहेरून वीज घेणाऱ्या, जास्त तल्लख माइकची) ८ ते १२ मिलिव्होल्ट, म्हणजे १४ ते १७ डेसिबल जास्त. सव्वा मीटरवर डायनॅमिक ठेवला तर आलापाच्या वेळी रेकॉर्डरचा गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) इतका वाढवावा लागतो की हातात मावणाऱ्या यंत्राच्या प्रीअॅम्पची (माइकचा क्षीण आवाज मोठा करणाऱ्या भागाची) सळसळ ऐकू येते. शिवाय टाळांचा वरचा झंकार बोथट येतो. जवळ लावायचा तर अकरा जणांना किमान पाच-सहा माइक आणि एक मिक्सर लागेल. हा दुसराच प्रकल्प झाला.

बाजारात बीएम-८०० या नावाने मिळणारे मोठ्या तोंडाचे माइक दिसायला स्टुडिओतले वाटतात. त्यातल्या बहुतेकांच्या मोठ्या जाळीमागे बटणाएवढा इलेक्ट्रेट कॅप्सूल (माइकचा ऐकणारा भाग) असतो आणि दोन नग एकसारखे निघण्याची खात्री नसते. यूएसबी माइकला लॅपटॉप लागतो. लांब नळीचा शॉटगन 'दुरून ओढतो' असा समज आहे. प्रत्यक्षात खर्जात तो साध्या दिशात्मक माइकपेक्षा फारसा वेगळा ऐकत नाही आणि बाजूने आलेला घुमारा रंग बदलून आत घेतो. घुमणाऱ्या मंडपात तो आवाज पोकळ होतो.

कॉलरला लावायच्या छोट्या माइकची जोडी मात्र सप्ताहाच्या पहिल्या रात्री करून पाहिली, कारण ती अगदी स्वस्त पडते. फॅन्टम वीज (रेकॉर्डर केबलमधूनच माइकला देतो ती) उतरवून देणारे एक्सएलआर (तीन पिनांच्या जोडणीचे) अडॅप्टर लावले, स्टँडवर १७ सेंटिमीटर अंतराने माइक बसवले. पंचपदीपर्यंत ठीक चाललं. गजर सुरू झाल्यावर टाळांचा आवाज पत्रा फाटल्यासारखा येऊ लागला, आणि रेकॉर्डरचा मीटर तर उणे १० च्या वर गेलाच नव्हता (शून्य ही त्याची कमाल मर्यादा). गेन कमी केला, तरी आवाज तसाच फाटका.

हा दोष ओळखता येणं फार महत्त्वाचं आहे. फाईल उघडून लहरी मोठ्या करून पाहिल्या तर सगळ्या टोकांचे शेंडे एकाच उंचीवर सपाट कापलेले दिसले, आणि ती उंची पूर्ण पातळीच्या बरीच खाली होती. म्हणजे कापाकापी रेकॉर्डरमध्ये झाली नव्हती, त्याच्या आधी, माइकच्या आतल्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरमध्ये झाली होती. दोन-तीन व्होल्टवर चालणारे असे कॅप्सूल ११५ ते १२० डेसिबलला हात टेकतात. रेकॉर्डर २४ बिटचा असो की ३२ बिट फ्लोटचा, माइकमध्येच फाटलेला आवाज कुणीही शिवू शकत नाही.

निवड

राहिली ती लहान पडद्याच्या कार्डिऑइड कंडेन्सरची जुळी जोडी. याच जातीत रोडेचे एम५ आणि एनटी५ येतात. खिशाला बसली ती बेहरिंगर सी-२ ची जोडी, दहा हजारांच्या आत. डबीत दोन माइक, दोघांना एकत्र धरणारी पट्टी, क्लिपा आणि फोमच्या टोप्या येतात, हा स्वतंत्र खर्च वाचतो. कमाल पातळी १४० डेसिबल दिलेली आहे आणि वर १० डेसिबल उतरवणारा खटकाही आहे. त्याची गरज पडली नाही. खरखर वर म्हटल्याप्रमाणे १९ डेसिबलच्या घरातली.

महागड्या जोडीशी तुलना केली तर या माइकचा वरचा भाग थोडा चरचरीत आहे. भजनात टाळ असल्यामुळे ते लक्षात येतं, पण शेवटी एका साध्या दुरुस्तीने बसतं. घुमारा किंवा फाटणं तसं बसत नाही. म्हणून आमच्या मते हीच तडजोड बरोबर.

उरलेल्या पैशांत एक वजनदार बूम स्टँड, ५ मीटरच्या दोन एक्सएलआर केबल, ३२ जीबीचं कार्ड आणि पुन्हा चार्ज होणारे सहा एए सेल बसले. स्टँडवर कंजुषी करू नये. सभामंडपात मुलं पळत असतात. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवली की निम्मी काळजी मिटते.

जोडी खरंच जुळी आहे का, हे घरीच तपासायचं. दोन्ही माइक एकमेकांना चिकटवून पेटीसमोर धरायचे, एकच सूर दाबून ठेवायचा, दोन्हीकडचा गेन सारखा ठेवायचा. मीटरमध्ये एखाद्या डेसिबलहून जास्त फरक दिसला तर केबल अदलाबदल करून पुन्हा पाहायचं. फरक केबलबरोबर सरकला तर दोष केबलचा, माइकबरोबर राहिला तर माइकचा. मग डावा-उजवा एकत्र करून मोनोमध्ये ऐकायचं. आवाज पातळ झाला आणि खर्ज गेला तर एका केबलच्या २ आणि ३ नंबरच्या पिना उलट्या जोडलेल्या आहेत. गावात डाग देऊन बनवून घेतलेल्या केबलमध्ये हे नेहमी सापडतं.

दुसरी रात्र: तीन गोष्टी चुकल्या

बैठक अशी होती. पुढे मध्यभागी पेटी आणि गायक, त्यांच्या उजव्या हाताला पखवाज, डाव्या हाताला साथीदार, मागे टाळकऱ्यांचा अर्धगोल. स्टँड गायकापासून १.३ मीटरवर. माइक १.४ मीटर उंचीवर, थोडे खाली झुकवलेले. बसलेल्या माणसाचं तोंड ८० सेंटिमीटरच्या आसपास असतं. दोन माइकच्या तोंडांत १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन. ही फ्रेंच रेडिओने रूढ केलेली, ओआरटीएफ नावाने ओळखली जाणारी मांडणी. अंतर पट्टीवर न मोजता माइकच्या तोंडापासून तोंडापर्यंत टेपने मोजायचं, कारण क्लिपा बाहेर वळवल्या की ते बदलतं.

पहिली चूक पंख्याची. स्टँड नेमका छताच्या पंख्याखाली आला. मुद्रणात सतत गुरगुर आणि मधेच धप्प असा आवाज. फोमच्या टोप्या घातलेल्या होत्या, पण वरून येणाऱ्या झोताला त्या पुरत नाहीत. रेकॉर्डरचा खर्ज कापणारा फिल्टर ८० हर्ट्झच्या वर नेऊन गुरगुर घालवता येते, पण मग पखवाजाच्या डाव्या पुडीचा घुमही जातो. कणीक लावलेल्या त्या पुडीचा प्राण तिथेच खाली असतो. फिल्टर ४० वरच ठेवला आणि तेवढा एक पंखा बंद करायला सांगितला.

दुसरी चूक लाउडस्पीकरची, आणि ती जास्त बोलकी आहे. मंडळाच्या दोन्ही बाजूंना, माइकच्या थोडं मागे, एकेक बॉक्स श्रोत्यांकडे तोंड करून उभा होता. कार्डिऑइड मागून बहिरा असतो, मग बॉक्स मागे असले की प्रश्न मिटला, असं वाटतं. पण इथे प्रत्येक माइक मध्यरेषेपासून ५५ अंश बाहेर वळलेला आहे. डावीकडे तिरकस मागे असलेला बॉक्स डाव्या माइकच्या नाकापासून जेमतेम ७० अंशांवर येतो, आणि तिथे कार्डिऑइड फक्त साडेतीन डेसिबल कमी ऐकतो. बॉक्स जोडीच्या बरोबर पाठीमागे नेले तर हाच फरक १३ डेसिबल होतो. कोन ९० अंश आणि अंतर २० सेंटिमीटर केलं तर जवळपास १७.

तिसऱ्या रात्री दोन्ही बॉक्स दाराशी, अंगणाकडे तोंड करून लावले आणि माइकचा कोन ९० अंशांवर आणला. मंडपात बसलेल्यांना तसाही थेट आवाज पुरत होता. गरज अंगणातल्यांची होती. या एका बदलाने मुद्रण जितकं सुधारलं, तितकं दुप्पट किमतीचे माइक घेऊनही सुधारलं नसतं.

तिसरी चूक विजेची. रेकॉर्डर मोबाइलच्या चार्जरवर लावला होता. शांत आलापाखाली बारीक गुणगुण आली. चार्जर काढून सेलवर चालवलं, गुणगुण गेली. फॅन्टम वीज दिल्यावर सेल लवकर उतरतात, म्हणून पूर्ण दोन तासांची रंगीत तालीम घरी घेऊन पाहावी आणि मध्यंतरात सेल बदलावेत. मेन्यूत सेलचा प्रकार 'निकेल' निवडायचा, नाहीतर उरलेल्या विजेचं चित्र खोटं दिसतं. त्याच मेन्यूत फॅन्टम २४ ऐवजी ४८ व्होल्ट आहे ना, हेही पाहायचं. पॉवर बँक वापरायची तर एक अडचण लक्षात ठेवावी: रेकॉर्डर फार कमी वीज ओढतो आणि काही पॉवर बँक 'काही जोडलेलंच नाही' असं समजून स्वतःहून बंद पडतात.

समतोल साधणं

मिक्सर नसल्यामुळे गायक, पखवाज आणि टाळ यांचं प्रमाण माणसं आणि स्टँड हलवूनच ठरतं. स्टँड वर नेला की पुढच्या आणि मागच्या माणसांची माइकपासूनची अंतरं सारखी होत जातात, म्हणजे टाळ वाढतात. खाली आणला की गायक पुढे येतो. इथे १.४ वरून १.२५ मीटरवर आणल्यावर शब्द स्पष्ट झाले. टाळकऱ्यांना २ मीटरवरून २.६ मीटरवर सरकवल्याने टाळ आणखी दोन डेसिबल उतरले. टाळकऱ्यांना 'हळू वाजवा' असं कधीही सांगू नये. ठेका चढला की ते विसरतात, आणि विसरलेच पाहिजेत, त्याशिवाय गजर रंगत नाही.

पखवाजवाल्यांना मात्र एक विनंती करता येते: डाव्या पुडीचं तोंड माइककडे थोडं वळवून बसण्याची. नाहीतर उजव्या शाईचा 'ता' खणखणीत येतो आणि 'धा' अर्धवट. आणि कणीक पुन्हा लावायची असेल तर ती अभंगाच्या मधल्या थांब्यात. कणकेचा गोळा थापण्याचा आवाज सव्वा मीटरवरून ठळक येतो.

पातळी ठरवताना आलाप गाऊन घेऊ नये. सुरुवातीला अर्धा मिनिट शेवटचा गजरच वाजवून घ्यावा, त्यात मीटरचं टोक उणे १२ ला येईल असा गेन ठेवावा आणि मग त्याला हात लावू नये. प्रत्यक्ष रात्री सगळे त्याहून पाच-सहा डेसिबल चढतातच. सहाव्या रात्रीच्या अंतिम मुद्रणात टोक उणे ५ पर्यंत गेलं. या रेकॉर्डरमध्ये दुहेरी मुद्रणाची सोय आहे: तोच आवाज कमी पातळीवर दुसऱ्या फाईलमध्येही उतरतो. ती चालू ठेवावी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओला तासाला एक जीबीपेक्षा थोडी जास्त जागा लागते. दुहेरीत दोन तासांना सव्वाचार जीबीच्या आसपास, म्हणजे ३२ चं कार्ड भरपूर झालं. लांब मुद्रणात रेकॉर्डर फाईलचे तुकडे पाडतो. ते नंतर एकापुढे एक लावले की सांधा कळत नाही.

अॅम्प्लिफायरमधून गायकाच्या माइकची वायर वेगळी घेऊन मिसळावी, असाही विचार झाला होता. तो जमतो, पण वायरीतला आवाज तत्काळ येतो आणि १.३ मीटरवरच्या माइकला तो सुमारे ४ मिलिसेकंद उशिरा मिळतो. फाईल तेवढी सरकवली नाही तर गळा डब्यातून आल्यासारखा होतो. शिवाय अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगची गुणगुण येऊ नये म्हणून मधे ट्रान्सफॉर्मरची डबी लागते. शब्द जोडीतूनच नीट येत असताना हे ओझं घेतलं नाही.

नंतरचं काम

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फार थोडं केलं. ७ किलोहर्ट्झच्या वर दोन डेसिबल उतरवले, त्याने सी-२ चा चरचरीतपणा गेला. गजर आणि आलाप यांतलं अंतर थोडं जवळ आणलं, पण मोडलं नाही. खरखर काढणारं फिल्टर वापरलं नाही. ते टाळांच्या विरत जाणाऱ्या झंकारालाच खरखर समजतं आणि शेपूट पाण्यात बुडाल्यासारखं करतं. गावाबाहेरच्या मंडळींना व्हॉट्सअॅपवर पाठवताना फाईल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, म्हणजे ती जशीच्या तशी पोचते.

भैरवी संपल्यावर रेकॉर्डर लगेच बंद करायचा नाही. शेवटच्या टाळाचा झंकार मंडपात दोन सेकंद तरी फिरतो आणि कुणीतरी 'पुंडलिक वरदे' म्हणतंच. सगळं शांत झाल्यावर आधी फॅन्टम बंद, मग मिनिटभराने केबल काढायच्या. माइक फोमच्या टोप्या काढून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. पावसाळ्यात कंडेन्सर दमट झाला की तडतडतो. असं झालं तर तो दोन दिवस कोरड्या डब्यात तसाच राहू द्यावा. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवून वाळवू नये.